बैल गेले तेव्हा घरही बदललं



मागच्या महिन्यात दोघा-तिघांनी गाठून एकच प्रश्न विचारला. हातात चार पैसे आलेत, आधी घर बांधू का शेतात घालू? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका ओळीत देता येईना. म्हणून आमच्या घराचं नि शेताचं जसं झालं तसं लिहून काढतो. ज्याला जे उपयोगी वाटेल ते त्याने घ्यावं.

मी माजिवड्याचा. हे सांगितलं की लोक हसतात. माजिवड्यात शेतकरी? आता तिथं उड्डाणपूल, मॉल नि मेट्रोचे खांब. पण गावठाण अजून आहे आणि आम्ही आगरी लोक त्यात राहतो. आजा कुळ होता. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कुळाची जमीन त्याच्या नावावर झाली. खाडीकडच्या बाजूला बाळकुम-कोलशेतच्या अंगाला खाजण होतं, वरच्या बाजूला थोडी गोड्या पाण्याची खाचरं. माझा जन्म 1971 चा, त्यामुळे ही शेती मी शेवटच्या काळातली का होईना, पण हाताने केलेली आहे.

खाजणातली भातशेती आता नवीन पोरांना माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून मातीचा बांध, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला सोडायला उघाडी. पहिल्या एक-दोन पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मगच पेरायचं. मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. जात राता, लाल तांदूळ. उतारा कमी, पण खारात उभा राहणारा. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने राता जातीतून निवड करून आणि नंतर पनवेल-1, 2, 3 अशा जाती काढल्या, त्या याच जमिनीसाठी. एकदा बांध फुटला की खारं पाणी आत येऊन पुढची दोन-तीन वर्षं जमीन नासायची. त्यामुळे बांधाला कुणा एकाचा बांध नव्हता, सगळ्या गावाने मिळून तो राखायचा.

आता घराकडे येतो, कारण मला सांगायचं आहे ते इथंच आहे. ते घर राहायला बांधलेलं नव्हतं, शेतीला बांधलेलं होतं. माणसं त्यात उरलेल्या जागेत राहायची. पुढं अंगण म्हणजे खळं. मग ओटी, तिथं पावसाळ्यात अवजारं नि इरली. माजघरात दोन कणग्या, बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या. चुलीच्या वर माळा, तिथं पेंढ्यात आवळून बांधलेले बियाण्याचे मुडे. बाजूच्या पडवीत बैल. कुडाच्या भिंती कारवीच्या, वरून शेणमाती. नळीची कौलं, दर वैशाखात शाकारणी.

प्रत्येक गोष्टीला काम होतं. चुलीचा धूर माळ्यावर जायचा म्हणून बियाण्याला सोंडा नि पतंग लागायचा नाही. पडवीत बैलांची ऊब असायची म्हणून आषाढातही भिंत थोडी कोरडी राहायची. शेण सारवायला, लिंपायला, राबाला, खताला. हे कुणी कागदावर काढून बांधलं नव्हतं, पण यातलं एक काढलं की दुसरं लंगडं पडायचं. हे पुढं आम्ही अनुभवलं.

बदल पहिल्यांदा शेतात आले, घरात नंतर. वडिलांनी वरच्या खाचरात जया लावायला सुरुवात केली तेव्हा मी शाळेत होतो. सहा-सात क्विंटलच्या जागी एकरी बारा-तेरा व्हायला लागलं. कणग्या पुरेनात. म्हणजे शेत सुधारलं की घराला पहिला धक्का बसतो तो साठवणीचा. वडिलांनी पत्र्याच्या दोन कोठ्या आणल्या. 1984 ला गोबरगॅस बांधला, दोन घनमीटरचा. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागतं. दोन बैल, एक म्हैस नि एक गाय यांच्यावर तो कसाबसा चालायचा. आईला त्याचं फार कौतुक, पण चूल तिने बंद केली नाही. गॅसवर चहा, चुलीवर भाकरी. वडील म्हणाले, आता चूल काढूया, धूर होतो. तेव्हा ती म्हणाली होती, "चूल गेली, मंग बियाना कुठं ठेवाचा?"

माजिवड्यातली शेती कशी गेली त्यावर मी फार लिहिणार नाही. 1982 ला ठाणे महानगरपालिका झाली, मग घोडबंदर रस्ता वाढत गेला. थोडी जमीन रस्त्यात गेली, खाजणाचा बांध राखायला माणसं उरली नाहीत, आणि उरलेली जमीन सातबाऱ्यावरच्या अकरा नावांनी मिळून दिली. त्यावर रडणारेही खूप आहेत नि पैसे उडवणारेही. आमच्या वडिलांनी एक गोष्ट केली. सगळी जमीन जायच्या आत, सातबाऱ्यावर स्वतःचं नाव असताना, मुरबाड तालुक्यात चार एकर घेतली. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. आमच्या ओळखीत ज्यांनी आधी सगळं विकलं नि मग जमीन शोधायला निघाले, त्यांची त्या दाखल्यापायी किती धावपळ झाली ते मी पाहिलं आहे. शहराच्या कडेला ज्यांची जमीन आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ही 1994 ची गोष्ट. चार एकर म्हणजे ऐकायला बरं, पण उतारावरची. वर एक एकर वरकस, मध्ये दोन एकर मध्यम खाचरं, खाली ओढ्याला लागून एक एकर पाणथळ. विहीर नव्हती. पाऊस अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास आणि मार्चला प्यायला पाणी नाही, हे आपल्या सगळ्या जिल्ह्याचं दुखणं.

तिथं आम्ही पहिल्यांदा घर बांधलं नाही, विहीर खणली. मे 1995 मध्ये अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. घर 1996 ला, विटांचं, दोन खोल्या नि पुढं पडवी, वर मंगलोरी कौलं. जोतं तीन फूट ठेवलं. गवंडी म्हणत होता दीड फूट पुरे. वडिलांनी खाजणातलं पाणी पाहिलेलं, ते म्हणाले तीनच. 26 जुलै 2005 ला, ज्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला, आमचा ओढा खालचं खाचर ओलांडून वर आला आणि दुसऱ्या पायरीला टेकला. घरात आला नाही. जोत्याचा खर्च डोळ्याला दिसत नाही म्हणून लोक तिथं काटकसर करतात नि रंगाला पैसे घालतात. माझं मत, रंग चार वर्षं नसला तरी चालतो.

आता बैलांचं. 2006 ला पॉवर टिलर घेतला. थोडं अनुदान, थोडं कर्ज, थोडे दूधाचे साठवलेले. चिखलणीला बैलजोडीने एकराला तीन-चार दिवस लागायचे, टिलरने एक दिवस. आणि आपल्याकडे लावणीचे दिवस मोजके, पाऊस उघडला की हातातून जातात. बैल वर्षातून चाळीस-पन्नास दिवस कामाला नि तीनशे पासष्ट दिवस खायला. हिशोब सरळ होता. पुढच्या पौषात म्हशाच्या यात्रेत जोडी विकली. वडील यात्रेपर्यंत आले, पण व्यवहाराला उभे राहिले नाहीत, देवळाजवळ बसून राहिले. परत येताना टेम्पोत एक शब्द बोलले नाहीत.

बैल गेल्यावर गाईचंही मन लागेना म्हणा, नाहीतर आमचं. दोन वर्षांत तीही गेली, म्हैस आधीच गेली होती. आणि मग एकेक गोष्ट सुरू झाली.

पहिला राब गेला. शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत असे थर देऊन मे महिन्यात रोपवाटिकेची जागा भाजायची, त्याने तण नि किडीचं बी मरतं, राख मिळते. शेणच नाही तर राब कशाचा? नुसता पाला भाजून भागत नाही, आणि झाडं तोडून भाजायची हे मला आधीपासून पटत नव्हतं.

मग सारवण गेलं. जमिनीला आधी कोबा, मग लादी. इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. बैल गेले, गोठा गेला, यावर पुरुष माणसं फार हळवं बोलतात. माझ्या बायकोला विचारा. तिला एक दिवसही वाईट वाटलं नाही. पहाटे चारला शेण काढणं, आठवड्याला सारवण, पावसात वैरण आणणं, हे तिने नि आईने केलेलं. आम्ही फक्त बैल हाकत होतो. ती म्हणते, "तुमची आठवण नि माझं कंबरडं." तिचं बरोबर आहे.

मग पेंढा. आधी तो गुरांसाठी उडवी करून ठेवायचो. आता तबेलेवाल्यांचा टेम्पो येतो, बांधावरूनच घेऊन जातो. पैसे येतात. पण जे शेतातून निघायचं ते शेण होऊन शेतात परत जायचं, ते आता टेम्पोत बसून शहरात जातं. याचा परिणाम लगेच दिसत नाही. माती परीक्षणाचे कागद मी ठेवले आहेत. सेंद्रिय कर्ब दर वेळी थोडा थोडा खाली. युरिया तेवढाच घालून भात आधीसारखं उठेना. कृषी अधिकारी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना ठाऊक आहेच, पण यंत्र देताना त्या यंत्रामुळे शेतातलं काय बाहेर पडणार आहे त्याचाही हिशोब शेतकऱ्यासमोर मांडला तर बरं.

आणि सगळ्यात शेवटी बियाणं. गॅस सिलिंडर आला, चूल मागच्या अंगणात गेली, माळ्यावर धूर नाही. बियाण्यात पतंग फिरायला लागले. आईने विचारलेला प्रश्न वीस वर्षांनी समोर उभा.

यातलं एकेक कसं भरून काढलं ते सांगतो.

राबाच्या जागी गादीवाफे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस जुनीच आहे, आम्ही उशिरा घेतली एवढंच. वाफा जमिनीपासून वर असल्याने पाणी साचत नाही. वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. ही चारसूत्रीतली पहिली गोष्ट, डॉ. नारायण सावंतांची पद्धत. राखेतून सिलिका मिळते, रोप ताठ होतं, खोडकिडा कमी. बी आधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं, म्हणजे दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगेल ते पोल काढून टाकायचं, तळाचं बी दोनदा साध्या पाण्याने धुवून सुकवायचं. गादीवाफ्याचा खरा फायदा गेल्या वर्षी कळला. 2025 ला मान्सून मुंबईत 26 मे लाच आला, त्याआधीही पाऊस चालूच होता. राबवाल्यांना भाजायला कोरडे दिवस मिळाले नाहीत, धूळवाफेला पेरणाऱ्यांचं बी कुजलं. आम्ही वाफे उंच करून पेरलं, उगवलं.

शेणाच्या जागी गिरिपुष्प. बांधावर फांद्या रोवल्या की येतो, गुरं तोंड लावत नाहीत. चिखलणीच्या आधी पाला शेतात घालायचा, आठवड्याभरात देठं उचलून टाकायची. आमच्या चार एकराच्या बांधावर आता दोनशेच्या वर झाडं आहेत. खालच्या पाणथळ एकरात चारसूत्रीचीच लावणी करतो. दोरीवर पंधरा-पंचवीस सेंटिमीटरच्या जोडओळीने चुडं लावायचे आणि लावणी झाल्यावर त्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल. गोळी पावणेतीन ग्रॅमची असते. पाणथळीत फेकलेला युरिया पाण्याबरोबर ओढ्यात जातो, गोळी तिथंच राहते. पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्या एकराला दुसऱ्यांदा खत द्यावं लागत नाही.

मधल्या दोन एकरांत 2016 पासून सगुणा भात तंत्र. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी काढलेलं, आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक असेल. आधी दहा गुंठ्यांवर केलं. एकदा गादीवाफे केले, 136 सेंटिमीटरवर एक, वर शंभर सेंटिमीटर सपाट, की पुढं नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टाकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून माती मऊ लागायला लागली, गांडुळाची विष्ठा दिसायला लागली. माझ्याकडे लावणीला एकराला चौदा-पंधरा बाया लागायच्या, इथं टोकणीला पाच-सहात होतं. आता आपल्याकडे लावणीला माणूस मिळत नाही, सगळी पोरंपोरी गोदामात कामाला, त्यामुळे हेच मोठं.

पण याच्या नावाने आरती ओवाळू नये. तण हा त्यातला गळ्याचा फास आहे. पेरणीनंतर तणनाशकाची वेळ चुकली, किंवा नेमका त्याच दिवशी जोराचा पाऊस झाला, की खुरपणी लावणीपेक्षा महाग पडते. आणि ज्या खाचरात पाणी तुंबतं तिथं हे चालत नाही, निदान माझ्या खालच्या एकरात चाललं नाही. म्हणून तीन तऱ्हेची जमीन नि तीन तऱ्हेची शेती. वरच्या वरकसात पावसाळ्यात काकडी नि भेंडी. भात निघालं की त्याच वाफ्यांवर ओलीवर कडवे वाल नि थोडा हरभरा. विहिरीच्या जीवावर एक एकर उन्हाळी भेंडी, ठिबकवर. मुरबाड-शहापूरची भेंडी परदेशात जाते म्हणून सगळे बोलतात, पण त्यात दिवसाआड तोडणी नि मापाची फळं लागतात. घरचे हात नसतील तर त्यात पडू नये. आमची कल्याण मार्केटला जाते, बरी जाते.

टिलर अजून आहे. गंमत अशी की ज्याच्यासाठी बैल विकले तो आता वर्षातून दहा-बारा दिवसच चालतो.

आता घराचं दुसरं पर्व. मंगलोरी कौलं दिसायला छान नि गार. पण 2008-09 पासून माकडं यायला लागली. एका दुपारी टोळी छपरावरून गेली की पन्नास-साठ कौलं फुटायची. शाकारणी करणारा माणूस मिळेना, मिळाला तर कौलं मिळेनात. 2012 ला मागच्या दोन खोल्यांवर पत्रा टाकला. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजतो नि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याखाली बांबूची चटई नि भुशाचा थर दिला, थोडं बरं झालं. पुढची पडवी मात्र कौलांचीच ठेवली आहे, तिथं फुटली तर हाताने बदलता येतात.

पत्र्याने एक दिलं ते म्हणजे पाणी. आमचं छप्पर साधारण हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. अडीच मीटर पाऊस धरला तर सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी त्यावर पडतं. सांडलं-उडालं सोडलं तरी दोन लाख लिटर. पन्हळ लावून, वाळू-खडीच्या टाकीतून गाळून ते विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडलं. विहिरीचं पाणी आधी मार्चच्या मध्यावर तळ गाठायचं, आता एप्रिलचा तिसरा आठवडा गाठतं. एवढ्या महिन्यावर भेंडीचा अर्धा हंगाम निघतो. खर्च झाला तेव्हाचे सतरा-अठरा हजार.

ऑक्टोबर 2019 मध्ये कापलेलं भात शेतात नि वरून पाऊस. अरबी समुद्रात क्यार वादळ होतं, सगळ्या कोकणात तीच दशा झाली. आमच्या दीड एकराच्या भाऱ्यांना कोंब आले. खळ्यावर ताडपत्री टाकून काय वाचवणार? जुन्या घरात निदान ओटी होती, पडवी होती, माळा होता, भारे कुठंतरी शिरायचे. नवीन घरात सोफा होता, भात ठेवायला जागा नव्हती.

तेव्हा घरात भांडण झालं. लेकाचं लग्न ठरायचं होतं. बायकोचं म्हणणं, आधी स्लॅबचं स्वयंपाकघर नि आत संडास-बाथरूम. माझं म्हणणं, आधी शेड. चार दिवस अबोला. शेवटी आई म्हणाली, बाईमाणसाने रात्री पावसात बाहेर जायचं हे किती वर्षं चालवणार? तिच्या शब्दावर क्रम ठरला. आधी संडास-बाथरूम, मग शेड, मग स्वयंपाकघर. आज कुणी मला विचारलं तर मी हाच क्रम सांगेन, आणि हा क्रम माझा नाही, दोन बायांचा आहे.

शेड 2020 च्या डिसेंबरात उभी राहिली. तीस फूट बाय चाळीस, लोखंडी खांब, तीन गाळे. भिंती नाहीत, दोन बाजूंनी खाली चार फूट वीट नि वर जाळी, म्हणजे वारा खेळतो. एका गाळ्यात भारे नि झोडणीचं यंत्र. दुसऱ्यात जमिनीपासून दोन फूट वर फळ्यांचा माळा, त्यावर बियाण्याच्या पत्र्याच्या कोठ्या. बी बारा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून, कोठी काठोकाठ भरून झाकण गच्च. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे, दबला तर अजून एक ऊन. धूर नाही पण पतंगही नाही. तिसरा गाळा मोकळा. स्वयंपाकघर 2022 ला झालं.

आता जे चालू आहे ते लिहितो, कारण खरा प्रश्न तिथं आहे.

माजिवड्यातलं जुनं घर आम्ही तिघा भावांनी दोन वर्षांपूर्वी इमारतीला दिलं. पाडायच्या आदल्या दिवशी एक कणगी मी टेम्पोत टाकून मुरबाडला आणली. भाचा म्हणाला, मामा, हॉटेलवाले याचे चांगले पैसे देतात. आणली ती शेडमध्ये आहे, तिच्यात वाल ठेवतो. आई भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर. वय ऐंशीच्या वर. तिला मुरबाडला यायचं आहे. म्हणजे एक खोली उंबऱ्याशिवाय, जोत्याला तीन फुटांच्या पायऱ्यांऐवजी उतार, कमोड, आणि रात्री-अपरात्री कल्याणला न्यायला गाडी.

लेक वागळे इस्टेटला नोकरी करतो, शनिवार-रविवार शेतावर येतो, कामाला मागे नाही. त्याचं म्हणणं, तिसऱ्या गाळ्याच्या जागी दोन खोल्या काढू, मुंबईची माणसं सुट्टीला येतात, त्यातून आजीच्या खोलीचा खर्च निघेल. भडसावळ्यांनी सगुणा बागेत पाहुणे ठेवायला सुरुवात केली त्याला चाळीसएक वर्षं झाली, त्यामुळे कल्पना काही जगावेगळी नाही. मी नाही म्हटलेलं नाही. पण ऑक्टोबरात भारे भिजत असताना पाहुणा खोलीत असेल तर आधी कुणाकडे बघायचं, एवढं त्याने ठरवावं.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट अशी की चार एकराचा सातबारा तिघा भावांच्या नावे सामाईक आहे. आजवर मी कसलं, दोघांना वर्षाचा तांदूळ नि वाल गेला, कुणी हिशोब मागितला नाही. आता समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाला, दलाल दर आठवड्याला फोन करतात. मधल्या भावाला विकायचं आहे. त्याच्या दोन पोरींची शिक्षणं आहेत, त्याला दोष देता येत नाही. बाहेरच्याला देण्याआधी त्याने मला विचारलं, हेही कमी नाही. पण माझ्याकडे आहे काय? एकराला सोळा क्विंटल भात धरा, 2025-26 चा हमीभाव 2,369 रुपये होता, म्हणजे अडतीस हजारांच्या आत, त्यातला निम्मा खर्च. दलाल जो भाव बोलतो तो या भाताने माझ्या नातवालाही फिटणार नाही.

वाटणी सरळ केली तर त्याच्या त्रेपन्न गुंठ्यांत विहीर जाते. छपराचं पाणी, खड्डा, ठिबकची टाकी, सगळं त्या विहिरीला बांधलेलं. विहिरीशिवाय उरलेलं शेत म्हणजे पुन्हा 1994.

मी त्याला सांगितलं, तुला विकायचं तर खालची पाणथळ नि वरकसाचा रस्त्याकडचा तुकडा घे. तुला भाव रस्त्याकडेला जास्त मिळेल, मला विहीर राहील. धाकटा म्हणतो माझा हिस्सा तू कस, नाव राहू दे. मधला अजून विचार करतोय. विहीर कुणाच्याही हिश्शात गेली तरी तिघांचा पाण्याचा हक्क वाटणीपत्रात लिहायचा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवायचा, एवढ्यावर तिघांची सही करायची तयारी आहे. ज्यांच्या घरात सामाईक विहीर आहे त्यांनी भाऊ बोलतात तोवरच हे करून घ्यावं. पोरांच्या पिढीत ही कामं कोर्टात होतात. बहिणींचाही हक्क आहे, त्यांनाही बसवून विचारलं आहे. एकीने हक्कसोड देते म्हणून सांगितलं. दुसरी म्हणाली, मला जमीन नको, पण आईची खोली आधी बांधा, मग सही.

मोजणीचे पैसे भरले आहेत, तारीख अक्षय्य तृतीयेनंतरची मिळाली आहे. तोपर्यंत तिसऱ्या गाळ्याला हात लावू नको असं लेकाला सांगितलं आहे. आईच्या खोलीचा पाया मात्र राहत्या घराच्या पूर्वेला आखला, ती जागा कुणाच्याही वाटणीत माझ्याकडेच येते. उताराला बारा फुटांना एक फूट असा चढ धरला तर तीन फूट जोत्याला छत्तीस फूट लांबी लागते. सरळ ठेवला तर तो थेट खळ्यात जातो, म्हणून मध्ये एक वळण देऊन घराच्या भिंतीलगत फिरवला आहे. गवंडी सोमवारी येतो. वाल सगळे झोडून झाले, भेंडीला दिवसाआड पाणी चालू आहे, विहिरीत आज साडेनऊ फूट.